कर्जापोटी दिलेला मुलूख

21 मे 1853 च्या तहाने हैदराबादचा निजाम नासिरुद्दौला याने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. ही रोखीची विक्री नव्हती. निजामाच्या खर्चाने पोसलेल्या, पण इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीत असलेल्या हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचा खर्च थकत गेला होता. कंपनीचे देणे चाळीस लाखांवर गेले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने त्यापोटी मुलूखच मागितला. नळदुर्गच्या कारभारावर मेडोज टेलर आला. ठगांवरच्या कादंबरीमुळे नाव झालेला हा अधिकारी बोरी नदीकाठच्या आदिलशाही किल्ल्यातच राहत असे. पुढे 1857 च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला. त्याचे बक्षीस म्हणून 1860 च्या तहाने नळदुर्ग-धाराशिव आणि रायचूर दुआब त्याला परत मिळाले आणि सुमारे पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. सात वर्षांत मुलूख गेला आणि आला. रयतेला दोन्ही वेळा कोणी विचारले नाही.

राजाला भूमी अशी देता येते का, हा प्रश्न भारतीय विचारात फार जुना आहे. जैमिनीच्या पूर्वमीमांसेत तो सहाव्या अध्यायात, विश्वजित यज्ञाच्या निमित्ताने येतो. या यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दान करायचे असते. मग यजमान सार्वभौम राजा असेल तर त्याने पृथ्वीही द्यावी काय? जैमिनी नाही म्हणतो, कारण भूमी सर्वांना सारखीच आहे. भाष्यकार शबर ते उलगडून सांगतो: एखाद्या शेताचा कोणी धनी असू शकतो, संपूर्ण पृथ्वीचा नाही, राजा रक्षण करतो आणि त्याबद्दल पिकाचा वाटा घेतो, एवढाच त्याचा हक्क. जे मुळात आपले नाही त्याचे दान होत नाही.

सतराव्या शतकात नीलकंठ भट्टाने ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथात हेच सूत्र व्यवहाराला लावले. त्याचे घराणे मूळचे पैठणचे, काशीत स्थायिक झालेले. राजाने मुलूख जिंकला तरी शेताची मालकी शेतकऱ्याचीच राहते आणि राजाकडे फक्त कर घेण्याचा अधिकार येतो, असे तो मांडतो. राजा गाव इनाम देतो तेव्हा तो जमीन देत नाही, उत्पन्नातला आपला वाटा देतो. सगळ्याच शास्त्रकारांना हे मान्य होते असे नाही. मनुस्मृतीत राजाला भूमीचा अधिपती म्हटले आहे. पण ज्याने रान तोडून शेत केले त्याचे ते शेत, हेही तिथेच आहे.

गावगाड्याच्या रीतीत हा विचार पोथीबाहेरही दिसतो. सुगीत ज्वारीची मळणी होऊन खळ्यावर रास पडली की सुतार, लोहार, चांभार, महार, मांग यांचे बलुते निघे, देवाच्या नावचे धान्य निघे आणि सरकारचा साराही शेवटी त्याच पिकावर बसे. राज्य निजामाचे असो की कंपनीचे, त्या राशीत त्याचा एक वाटा होता. रास त्याची नव्हती. 1853 मध्ये हात बदलला तो या वाट्याचा.

भारताबाहेरचा, अमेरिकेचा एक सौदाही याच कसोटीवर पाहता येतो. 1803 मध्ये, स्वातंत्र्य मान्य होऊन जेमतेम वीस वर्षे झालेल्या त्या राष्ट्राने नेपोलियनकडून लुइझियाना दीड कोटी डॉलरला घेतले. सुमारे 21 लाख चौरस किलोमीटरच्या या खरेदीने देशाचा विस्तार जवळपास दुप्पट झाला. परका मुलूख विकत घेण्याचा अधिकार घटना देते का, अशी शंका खुद्द राष्ट्राध्यक्ष जेफरसनला होती. पण ओसेज, सू अशा ज्या मूळनिवासी लोकांची ती भूमी होती त्यांची संमती कोणी घेतली नाही. फ्रान्सचा तिथल्या बहुतेक भागावर ताबाही नव्हता. त्याने विकला तो इतर युरोपीय सत्तांना दूर ठेवण्याचा हक्क. म्हणूनच अमेरिकेला 1808 मध्ये ओसेजांशी वेगळा तह करून जमीन घ्यावी लागली. पुढचे तह कधी दडपणाने, कधी फौजेच्या जोरावर झाले. जैमिनीचा निष्कर्ष ठाऊक नसतानाही तिथल्या व्यवहाराने तो खरा ठरवला.

मात्र मीमांसेचा हा विचार एका जागी अपुरा पडतो, आणि ती जागा लहान नाही. शेत शेतकऱ्याचे, असे तो ठामपणे सांगतो. पण आपल्यावर राज्य कोणी करावे हे त्या शेतकऱ्याने ठरवायचे की नाही, याबद्दल बोलत नाही. करवसुलीचा हक्क वेगळा काढला की तो गहाण टाकता येतो, विकता येतो, परत करता येतो. वऱ्हाडाचे तेच झाले: तो 1860 मध्ये परत आला नाही आणि 1902 मध्ये वार्षिक 25 लाख रुपयांवर इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिला गेला. मालकी सुरक्षित आणि माणूस मात्र देवघेवीचा जिन्नस, अशी ही विपरीत स्थिती आहे. भूमी विकता येत नसेल, तर तिच्यावर राहणाऱ्यांवरची सत्ता त्यांच्या संमतीवाचून विकणे त्याहून गैर मानले पाहिजे.

सप्टेंबर 1948 मध्ये निजामी राजवट संपली. 1950 च्या हैदराबाद कूळ कायद्याने कसणाऱ्या कुळांना संरक्षण मिळाले. आपल्यावर राज्य कोणी करावे हे नळदुर्ग-धाराशिवच्या प्रौढ स्त्री-पुरुषांना मत देऊन सांगता आले ते पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, 1853 च्या तहानंतर जवळपास शंभर वर्षांनी.