ग्रहणाचा दोष आणि मातेचे अश्रू

कोल्हापुरात बागल चौकाच्या कब्रस्तानात काही कबरी हातभर लांबीच्याच असतात. कवटी न घडलेले किंवा हृदयात मोठे व्यंग असलेले अर्भक काही तास श्वास घेते आणि जाते. पुरुष माती देऊन परततात, आणि घरात बाळंतिणीला पहिला प्रश्न येतो : ग्रहणात काही चिरले होतेस का?

हिजरी सन 10 मध्ये प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांचे पुत्र इब्राहीम दोन वर्षांचेही नसताना वारले आणि त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. सूर्यही शोक करीत आहे, असे लोक म्हणू लागले. पुत्रवियोगाने व्याकूळ झालेल्या कोणत्याही पित्याला ही समजूत गोड वाटली असती. प्रेषितांनी मात्र ती तिथेच खोडून काढली : ग्रहण कोणाच्या जन्मामरणामुळे लागत नाही. त्याच पुत्राच्या अखेरच्या घटकेला ते रडलेही होते आणि त्या अश्रूंना त्यांनी रहमत म्हटले. मग बाळंतिणीला ‘रडू नकोस, सब्र कर’ असे दटावणारे आपण कोण?

दुसरी चूक याच्या उलट, तकदीर म्हणून स्वस्थ बसण्याची. शामच्या वाटेवर प्लेगची वार्ता कळताच हजरत उमर (रजि.) माघारी वळले. तकदीरपासून पळता काय, या प्रश्नावर, अल्लाहच्या एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच जातो आहोत, असे त्यांचे उत्तर होते. मेंदू व मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात ती गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत मिटते. तोवर पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याचेही कळलेले नसते. म्हणून फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आधीपासूनच हवी. निकाहानंतर लगेच म्हणा ना.

सोनोग्राफीचेही तसेच. गर्भाचे गंभीर व असाध्य व्यंग तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीने सिद्ध केल्यास 120 दिवसांच्या आत गर्भपाताची मुभा मक्केच्या फिकह अकादमीने 1990 मध्ये दिली. त्यानंतर केवळ मातेचे प्राण वाचवण्यासाठी. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे त्यांच्या हिशेबाने हे सुमारे 19 आठवडे. व्यंग पाहणारी सोनोग्राफी होते 18 ते 20 आठवड्यांत. भारतीय कायद्यात 2021 पासून वैद्यकीय मंडळ 24 आठवड्यांनंतरही परवानगी देऊ शकते. या फतव्याची मुदत मात्र त्याआधीच सरलेली असते. ‘पुढच्या महिन्यात दाखवू’ म्हणणारे घर निर्णय न घेताच घेऊन टाकते.

आणि ज्यांनी सर्व जाणून गर्भ राखला, त्यांच्या दारी प्रश्न घेऊन जाऊ नये. बाळाने एकदा जरी श्वास घेतला असेल, तर त्याला गुस्ल व कफन द्यावे, जनाज्याची नमाज पढावी, नाव ठेवावे. नाव आईला विचारून ठेवावे.