घेऊन जा, पण कुठे?

दिवाळीची झाडलोट चांगलीच; पण तिच्यात एक लबाडी दडलेली असते. केर उंबऱ्याबाहेर गेला की तो संपला, असे आपण धरून चालतो. आमच्या इतवारीत तर याची परंपराच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते. गेली १२५ हून अधिक वर्षे रोगराई, इडापीडा सारे घेऊन जा, असे आम्ही तिला बजावीत आलो. ती ते कुठे नेते, हे मात्र कोणी विचारीत नाही.

नाग नदीलाही आपण तेच सांगितले. जिच्यावरून नागपूरला नाव मिळाले, तिला आपण 'नाला' म्हणू लागलो. नदीत घाण टाकताना हात जरा अडखळतो. नाल्यात अडखळत नाही. पण 'बाहेर' नावाचे गाव कोठेच नाही. नागेचे पाणी कन्हानला मिळते, कन्हानचे वैनगंगेला, आणि ते गोसीखुर्दच्या जलाशयात जाते. आमची इडापीडा भंडाऱ्याकडच्या ढिवराच्या जाळ्यात जाऊन पडते.

२०१३ साली महापालिकेने नदी स्वच्छ करण्याची मोहीम काढली, तेव्हा नागरिकही हातभार लावायला पुढे आले. पुढेही उन्हाळ्यात गाळ निघत राहिला, आणि पुन्हा साचत राहिला. तेव्हा शहाणी माणसे विचारतात, "घाण करावी दुसऱ्याने आणि उपसावी आम्ही, हा कुठला न्याय? अशाने तो अधिकच निर्धास्त होईल." हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी केंद्राने २०२१ साली सुमारे २१०० कोटींची योजना मंजूर केली. ते काम फावड्याने होणारे नव्हे.

पण हा 'दुसरा' कोण? आपल्याच मोरीचे पाणी शेवटी त्या प्रवाहात जाते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नदी घराघरांत शिरली, तेव्हा दोषी कोण, निर्दोष कोण, हे तिने पाहिले नाही. म्हणून गाळ उपसणारा परोपकार करीत नसतो. तो आपल्या वाट्याचे देणे फेडतो. देणे फेडणाऱ्याने पुण्याचा हिशेब मांडू नये, आणि त्याच्या गळ्यात हार घालून बाकीच्यांनीही मोकळे होऊ नये.

आपल्या विदर्भातल्या गाडगे महाराजांनी हे ओळखले होते. ते दिवसा गाव झाडीत, आणि रात्री कीर्तनात गावकऱ्यांची मने. नुसती गल्ली झाडून भागत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

लक्ष्मीपूजनाला आपण नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतो. यंदा वाहताना तिने काढलेला केर पुढे कोणाच्या दारी जातो, हेही घरातल्या मुलांना सांगावे. एवढे केले तरी पूजा पदरी पडली म्हणायची.