ब्रेक आपला, जीव दुसऱ्याचा

गोंदियाजवळच्या आमच्या कुडव्यात कोणी अंगणात गाडीचे ऑइल बदलत असेल, फिल्टर साफ करत असेल, तर जाणाऱ्या-येणाऱ्याला त्यात वावगे काही वाटत नाही. पण चाक उतरवून ब्रेकची डिस्क काढायला घेतली की शेजारी हटकतोच, 'हे मात्र मिस्त्रीलाच करू द्या.' ही भीती अनाठायी नाही. तरीही माझे मत असे, की आपल्या गाडीची डिस्क प्रत्येकाने निदान मोजायला तरी शिकलेच पाहिजे, आणि ज्याच्या हाताला पाने-पक्कडीची सवय आहे त्याने ती बदलायलाही शिकावे.

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ओतीव लोखंडाची थाळी. पेडल दाबले की कॅलिपर दोन्ही बाजूंनी तिच्यावर पॅड आवळतो आणि गाडीच्या वेगाची उष्णता होते. माणसांसह १२०० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून एकदा थांबली, तर निघणाऱ्या उष्णतेत लिटरभर पाणी उकळीला येईल. यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्क सोसतात. दर वेळी कणभर लोखंड झिजते, आणि चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पॅड संपत आले की बऱ्याच गाड्यांत ते किंचाळून तरी सांगतात. डिस्क पातळ होताना मात्र बहुधा गप्पच असते. पातळ डिस्क लवकर तापते, तापून तडकू शकते, आणि असा ब्रेक नेमका लांब उतारावर किंवा भरल्या गाडीत दगा देतो.

आपल्याकडे तर झीज वाढवायला निमित्ते पुष्कळ. रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टर बांध्यांतला चिखल चाकांबरोबर डांबरावर आणतात. तो वाळला की त्याची बारीक माती पॅड आणि डिस्कच्या मध्ये शिरते. पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहिली तरी डिस्कवर तांबूस गंज धरतो. वरवरचा गंज पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो. गाडी महिनोन्महिने उभी असेल, तर तो खोल खड्डे पाडतो.

आता हा ब्रेक नेमका कोणाचा? गाडी माझ्या नावावर, खर्च माझा, म्हणून तो माझा, असे आपण धरून चालतो. पण कुडव्याहून गोंदियाकडे जाताना पुढे सायकलवर शाळेची मुलगी असते, राइस मिलकडे निघालेला धानाचा ट्रॅक्टर मध्येच वळतो, म्हातारा माणूस हात दाखवून रस्ता ओलांडतो. त्या हाताच्या भरवशावर तो निम्म्या रस्त्यात आलेला असतो. माझ्या डिस्कची जाडी त्याला ठाऊक नसते, विचारायची सोयही नसते. माझ्या ब्रेकवर माझ्याइतकाच त्याचा हक्क आहे, असे मी मानतो.

सरकारी व्यवस्था या हक्काची राखण फारशी करत नाही. धुराचे प्रमाणपत्र वेळोवेळी घ्यावे लागते, पण नव्या खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि तेवढ्या काळात तिचे ब्रेक कोणी तपासलेच पाहिजेत असे बंधन नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ यातले कलम १९० मात्र वेगळी गोष्ट सांगते. नुसता माहीत असलेला दोषच नव्हे, तर साध्या काळजीने जो लक्षात आला असता असा दोष असलेली गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवणे हाही गुन्हा आहे. म्हणजे 'मला काय माहीत' ही सबब कायद्यापुढे टिकत नाही.

ती साधी काळजी खरेच साधी आहे. बहुतेक डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, 'मिन टीएच' अशा अक्षरांपुढे मिलिमीटरचा आकडा. चाक काढून डिस्कच्या कडेवरून नख फिरवा. पॅड जिथे पोचत नाही तिथे उंचवटा राहिलेला असतो. नेहमीच्या व्हर्नियरने मोजणारे इथेच फसतात, कारण त्याचे जबडे या उंचवट्यावर टेकतात आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. मायक्रोमीटर नसेल तर घासलेल्या जागी दोन्ही बाजूंना एकेक नाणे धरून मोजावे आणि नाण्यांची जाडी वजा करावी. आकडा मर्यादेखाली आला की विषय संपला. 'अजून चालतंय' हे काही माप नव्हे.

बदलण्याचे काम ताकदीपेक्षा शिस्तीचे आहे. पावसाने भिजलेल्या अंगणात जॅक मातीत रुततो, म्हणून जमीन पक्की आणि सपाट हवी, मागच्या चाकांना अडण हवी, आणि गाडीचा भार नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर हवा. सोडवलेला कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळू न देता तारेने बांधून ठेवायचा. गंजून चिकटलेल्या डिस्कवर हातोडा चालवण्याआधी तिच्यातली आट्यांची दोन भोके पाहावीत. बऱ्याच गाड्यांत ती असतात, आणि त्यांत बोल्ट आळीपाळीने कसत गेले की डिस्क आपोआप सुटून येते. काळी धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पूर्ण काढायचे. दोन्ही बाजूंच्या डिस्क एकदमच बदलायच्या, पॅडही नवे टाकायचे, नट गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने कसायचे. आणि गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहायचे, कारण नवे पॅड बसवताना मागे ढकललेला कॅलिपरचा पिस्टन जागेवर येईतो ब्रेक लागतच नाही.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चे पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहन क्षेत्रही घेतले. आपली वस्तू आपण दुरुस्त करण्याचा हक्क मला मनापासून मान्य आहे. पण मिक्सर बिघडला तर भोगतो त्याचा मालक, ब्रेक बिघडला तर भोगतो रस्त्यावरचा कोणीही. म्हणून घरी काम करणाऱ्याने पहिले काम जाणत्या मिस्त्रीच्या शेजारी बसून करावे. ब्रेक ऑइलची नळी उघडावी लागत असेल किंवा एबीएसचा दिवा पेटत असेल, तर संकोच न करता गॅरेज गाठावे.

मिस्त्रीकडे गेलात तरी डिस्कची जाडी विचारा, आकडा सर्व्हिसच्या पावतीवर लिहून घ्या. तो मर्यादेखाली असेल, तर नवी जोडी बसेपर्यंत गाडी घरीच उभी ठेवा.