परत केलेल्या पैशावरचा कर

आपल्या धर्मग्रामातील अनेक तरुण-तरुणींच्या नेमणूकपत्रात आता 'जॉइनिंग बोनस' असतो. त्याच पत्रात खाली अट असते : ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडल्यास रक्कम परत करावी लागेल. सही करताना आकडा डोळ्यांत भरतो, अट मात्र नजरेआड होते.

समजा, बोनस ३ लाखांचा आहे. ३० टक्के कर व त्यावर ४ टक्के उपकर धरला, तर ९३,६०० रुपये टीडीएस म्हणून सरकारजमा होतात. हाती येतात २,०६,४०० रुपये. मुदतीआधी नोकरी सोडली की कंपनी पूर्ण ३ लाख मागते. त्याच आर्थिक वर्षात रक्कम परत झाली, तर कंपनीला टीडीएसचा हिशेब जुळवता येतो. मार्च उलटला की पंचाईत होते. कारण पुढच्या वर्षी परत केलेल्या पगाराची वजावट कायद्यात स्पष्टपणे दिलेली नाही.

ब्रिटनमध्ये अडीच लाख पौंडांच्या अशाच बोनसपैकी १,६२,५०० पौंड परत करणाऱ्या कर्मचाऱ्याची वजावट २०१४ साली वरिष्ठ न्यायाधिकरणाने मान्य केली. आपल्याकडे २०१७ साली अहमदाबादच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने, नोटीसपोटी कंपनीने कापून घेतलेली रक्कम करपात्र पगारातून वगळू दिली. दोन्ही ठिकाणी न्याय मिळाला, पण भांडून.

मग हा भार कोणी सोसावा? कंपनी म्हणते, आम्ही ३ लाख दिले. कर्मचारी म्हणतो, माझ्या हाती तेवढे आलेच नाहीत. दोघेही खरे बोलतात. जे उत्पन्न त्याचे राहिलेच नाही, त्यावरचा कर त्याच्या माथी राहतो, हा अन्याय आहे, असे आम्हांला वाटते.

परंतु येथेच मोह उभा राहतो : 'सरकारने माझे घेतले, मग मी खोटी भाडेपावती जोडली तर काय बिघडले?' बिघडते. आपल्यावर झालेला अन्याय आपल्या खोटेपणाची परवानगी नसतो. हक्काची वजावट उघडपणे मागावी, नाकारली तर अपील करावे. आणि सही करून दिलेला शब्दही पाळावा.

आपल्यापैकी जे कंपन्यांत अशी पत्रे तयार करतात, त्यांनी 'कर वजा जाता हाती आलेली रक्कम' एवढीच परत मागण्याचा आग्रह धरावा. आणि सही करणाऱ्यांनी मुदत संपेपर्यंत तो पैसा आपला समजू नये.