निषिद्ध, महाग आणि अचिंत्य : एका साम्राज्यक्रीडेतील धोरणपर्यायांविषयी

एखादे कृत्य 'पर्याय' म्हणून समोर मांडले गेले की त्याचे नैतिक स्वरूप बदलते काय? बर्नार्ड विल्यम्स यांनी जे. जे. सी. स्मार्ट यांच्यासमवेत १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उपयुक्ततावादाविषयीच्या पुस्तकात या प्रश्नाला एक निराळे वळण दिले. त्यांच्या मांडणीचा आशय असा, की काही कृत्ये नीतिमान माणूस तपासून, तोलून मग नाकारतो असे नसते. ती त्याच्या विचाराच्या कक्षेतच येत नाहीत. अशा कृत्याचा हिशेब करायला बसणे यातच, हिशेब कोणत्याही बाजूला झुकला तरी, काहीतरी हरवलेले असते. या कोटीला येथे 'अचिंत्य' म्हटले आहे. आपल्या परंपरेत हा शब्द परतत्त्वासाठी वापरला जातो याची जाणीव आहे. परंतु ज्याचा विचार होऊ शकत नाही आणि ज्याचा विचार होऊ नये, अशा दोन टोकांना एकच शब्द पुरावा ही भाषेची सोय नाकारण्याचे कारण दिसत नाही.

हा प्रश्न ज्या संहितेच्या आधारे तपासायचा आहे ती कादंबरी नाही, नाटक नाही. ती एक संगणकीय क्रीडा आहे. स्टॉकहोम येथील पॅराडॉक्स या संस्थेने मे २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'स्टेलारिस' या खेळात खेळाडू २२०० सालापासून एका ताऱ्याभोवतीच्या संस्कृतीचे साम्राज्य चालवतो. मराठी समीक्षेने या प्रकाराकडे अद्याप फारसे लक्ष दिलेले नाही. 'खेळ' हा शब्द उच्चारताच गांभीर्याची अपेक्षा संपते, हे त्याचे एक कारण असावे. योहान हुइझिंगा यांनी १९३८ मध्येच क्रीडेला संस्कृतीच्या मुळाशी नेऊन बसवले होते; तरीही क्रीडेच्या नियमांचे वाचन करण्याची सवय आपल्याला लागली नाही.

या खेळप्रकाराचे इंग्रजी नावच बोलके आहे. ॲलन एमरिक यांनी १९९३ मध्ये 'मास्टर ऑफ ओरायन' या खेळाविषयी लिहिताना चार क्रियापदांवरून ते बनवले : शोध घ्या, विस्तार करा, दोहन करा, संहार करा. चौथे क्रियापद पहिल्या तीनच्या रांगेत, त्याच आज्ञार्थात उभे आहे. वसाहतवादाचे इतके संक्षिप्त व्याकरण एखाद्या वसाहतविरोधी ग्रंथातही क्वचितच सापडेल. येथे ते कसलाही आरोप मनात न धरता लिहिले गेले.

'स्टेलारिस'ने या व्याकरणात एक भर घातली. त्यापूर्वीच्या अनेक खेळांत संहार ही लष्करी घटना होती. येथे ती प्रशासकीय बाब झाली. खेळाडूसमोर धोरणांचा एक तक्ता उघडतो. ग्रहावर बॉम्बफेक करायची ती निवडक लक्ष्यांवर की सरसकट. निर्वासितांना प्रवेश द्यायचा की नाही. यंत्रबुद्धीला नागरिकत्व द्यायचे, दास्यात ठेवायचे की बंदी घालायची. अप्रगत संस्कृतींच्या जीवनात हस्तक्षेप करायचा की दुरून निरीक्षण करायचे. त्याच तक्त्यात, त्याच आकाराच्या अक्षरांत, गुलामगिरीला परवानगी आहे की नाही आणि एखाद्या समूहाचे निर्मूलन करता येईल की नाही, हेही ठरवायचे असते. एकदा ठरवलेले धोरण सामान्यतः दहा वर्षे बदलता येत नाही. खेळाच्या घड्याळात ही दहा वर्षे लवकरच सरतात.

'निर्मूलन' हा मी वापरलेला शब्द आहे. मूळ इंग्रजी शब्दाचा वैद्यकीय अर्थ शरीरातील दोष बाहेर टाकणे हा, आणि त्यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे तो 'विरेचन'. ॲरिस्टॉटलच्या 'कॅथार्सिस'साठी मराठी काव्यशास्त्रीय चर्चेत हाच शब्द रूढ झाला. शोकात्मिकेने प्रेक्षकाच्या मनाचे जे करावे आणि स्टालिनच्या राजवटीने माणसांचे जे केले, त्या दोन्हींच्या मुळाशी रेचकाचेच रूपक असावे, हा केवळ कोशातील योगायोग मानता येणार नाही. शुद्धीची कल्पना दोन्हीकडे आहे. भेद एवढाच, की एकीकडे बाहेर टाकली जाते ती भावना आणि दुसरीकडे बाहेर टाकला जातो तो शेजारी.

एप्रिल २०१७ मध्ये या खेळाची पहिली मोठी विस्तारावृत्ती आली. तिचे नाव 'युटोपिया'. तिच्यासोबत सर्वांना मोफत मिळालेल्या सुधारणेला 'कल्चर' या समताधिष्ठित, पैसाविहीन समाजाच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या इयन बँक्स यांचे नाव दिले होते. 'युटोपिया' विकत घेणाऱ्याला जे नवे पर्याय मिळाले त्यांत गुलामगिरीचे आणखी प्रकार होते : घरगुती दास्य, सैनिकी दास्य, आणि बुद्धिमान प्राण्यांना खाद्य म्हणून पाळण्याची मुभा. निर्मूलनाचेही प्रकार वाढले. सक्तमजुरीने मारणे, वंध्यीकरण करून एक पिढी वाट पाहणे इत्यादी. यात विरोधाभास शोधणाऱ्याने टॉमस मोरचे १५१६ चे मूळ पुस्तक उघडून पाहावे. त्या आदर्श बेटावरही गुलाम आहेत, आणि त्यांच्या शृंखला सोन्याच्या आहेत, कारण तेथे सोन्याला प्रतिष्ठा नाही. खेळाच्या निर्मात्यांना हे ठाऊक होते किंवा नव्हते, याने फरक पडत नाही. परिपूर्ण व्यवस्थेची कल्पना करताना अपूर्णांचे काय करायचे हा प्रश्न नेहमीच दारात उभा असतो.

अशा पर्यायांवर घेतला जाणारा नेहमीचा आक्षेप येथे बाजूला ठेवू. दुष्कृत्य करता येते म्हणून खेळ दुष्ट ठरत नाही. तसे असते तर 'मॅकबेथ'ही टाकून द्यावे लागेल. खरा प्रश्न संहितेतील दुष्कृत्याच्या स्थानाचा आहे. 'स्टेलारिस'मध्ये हे स्थान दोनच प्रकारचे असू शकते. एक, कृत्य निषिद्ध असते. खेळाडू आरंभी आपल्या साम्राज्याची मूल्ये निवडतो : परकीयांविषयी प्रेम वा द्वेष, समता वा अधिकारशाही, शांतता वा युद्धप्रियता, भौतिकता वा अध्यात्म. या मूल्यांनुसार तक्त्यातील काही पर्याय बंद होतात. कडव्या समतावादी साम्राज्याला गुलामगिरीला मान्यता देता येत नाही. दोन, कृत्य खुले असते, पण महाग. निर्मूलन करणाऱ्या साम्राज्याविषयी इतरांचे मत बिघडते, लोक पळून जातात, असंतोष वाढतो. हे सारे आकड्यांत दाखवले जाते, आणि खेळाडूने आधीच पाहावे यासाठी दाखवले जाते.

महागाई ही निंदा नव्हे. युरी नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात आठवतो. हैफा येथील दहा पाळणाघरांचा त्यांनी अभ्यास केला. मुलांना उशिरा नेणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांत दंड लावला, तेव्हा उशीर कमी होण्याऐवजी वाढला, आणि दंड काढून घेतल्यावरही पूर्वपदावर आला नाही. जे आधी शिक्षिकेच्या वेळेविषयीचे ऋण होते ते पालकांच्या लेखी शुल्क झाले. 'स्टेलारिस'मधील परराष्ट्रमताची घसरण ही असेच शुल्क आहे. ज्याच्या तिजोरीत पुरेसे आहे त्याने ते भरावे. शेजारी कमकुवत असतील तर ते जवळजवळ भरावेच लागत नाही. अन्यायाची किंमत ठरवून दिल्याने अन्याय आवाक्यात येतो, हे या खेळाच्या यंत्रणेइतके स्पष्टपणे फार थोड्या ग्रंथांनी दाखवले असेल. इयन बोगोस्ट यांनी २००७ च्या आपल्या पुस्तकात नियमांच्या प्रक्रियेतून युक्तिवाद करणारे वक्तृत्व अशी जी कल्पना मांडली, तिचे हे चोख उदाहरण म्हणता येईल. मात्र येथे वक्तृत्व कोणाचे आहे, हे सांगणे अवघड आहे.

या तक्त्याच्या रचनेत एक स्थळ असे आहे, की तेथे मराठी वाचकाने थांबायलाच हवे. २०१७ च्या त्याच सुधारणेत एखाद्या प्रजातीला द्यावयाच्या दर्जांपैकी एकाचे नाव होते 'जातिव्यवस्था'. त्याचा अर्थ खेळात असा : त्या प्रजातीचे जे घटक अन्न किंवा खनिजे उत्पादन करतात ते गुलाम, बाकीचे स्वतंत्र. म्हणजे शेतात वा खाणीत असेपर्यंत दास्य, आणि प्रयोगशाळेत हलवले की मुक्ती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये, लाहोरच्या न झालेल्या भाषणात, ज्या समर्थनाचा समाचार घेतला ते समर्थन नेमके हेच होते, की जात ही श्रमविभागणी आहे. त्यांचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे : ती श्रमाचीच नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली, माणसाची जागा त्याच्या कामावरून ठरत नाही, काम त्याच्या जन्मावरून ठरते. या कसोटीवर खेळातील 'जातिव्यवस्था' जात ठरत नाही, कारण तिच्यात जन्म नाही. परंतु गोष्ट येथे संपत नाही. जन्म आहे तो त्याच तक्त्याच्या एक पायरी वर. नागरिकत्व, निवास, दास्य, अवांछितता हे दर्जे संपूर्ण प्रजातीला दिले जातात. एखाद्या व्यक्तीला नव्हे, तिच्या कर्तृत्वाला नव्हे. खेळ ज्याला 'प्रजातींचे हक्क' म्हणतो ते त्याने ज्याला 'जात' म्हटले त्याहून जातीच्या अधिक जवळ आहे. निर्मात्यांनी शब्द एका खोलीत ठेवला आणि वस्तू दुसऱ्या. हे अज्ञान असेल; पण जन्माधिष्ठित दर्जा ही या खेळातील इतकी स्वाभाविक गोष्ट आहे, की तिला वेगळे नाव देण्याची गरजच कोणाला भासली नाही, हा त्याचा अधिक खोल अर्थ आहे.

डिसेंबर २०१८ ची सुधारणा अर्सुला ले ग्विन यांच्या नावाने आली. त्याच वर्षाच्या जानेवारीत त्यांचे निधन झाले होते. एका बालकाच्या यातनेवर उभ्या असलेल्या सुखी नगराची आणि ते सोडून जाणाऱ्यांची त्यांची १९७३ ची कथा नीतिशास्त्राच्या वर्गांत आजही वाचली जाते. त्याच दिवशी विक्रीस आलेल्या विस्तारावृत्तीत आकाशगंगेतील गुलामांचा बाजार होता. निर्मात्यांवर उपरोधाचा आळ घेण्याचे कारण नाही. विज्ञानकथालेखकांची नावे देण्याची त्यांची प्रथाच आहे. या बाजारात मात्र एक विलक्षण शक्यता ठेवलेली आहे. ज्या साम्राज्यात गुलामगिरीला बंदी आहे तेही येथे गुलाम विकत घेऊ शकते, आणि घेतलेला घटक मुक्त होतो.

विल्यम्सच्या प्रश्नाची येथे खरी परीक्षा होते. ज्याच्या लेखी माणसाची खरेदी अचिंत्य आहे तो या बाजाराकडे पाहणारच नाही. आणि त्याच्या न पाहण्यामुळे कोणी तरी खाणीत राहील. जो मुक्त करण्यासाठी खरेदी करतो त्याला किंमत पाहावी लागते, घासाघीस नसली तरी तुलना करावी लागते : या रकमेत किती जण, आणि कोण अधिक उपयोगी. आपण सोडवलेला घटक उद्या आपल्या प्रयोगशाळेत काम करणार आहे, हे त्याला माहीत असते, आणि त्याच्या दयेत हा हिशेब किती आहे हे कदाचित त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. माझा कल दुसऱ्या माणसाकडे आहे. अचिंत्यतेची शुद्धता जपण्याचा खर्च दुसऱ्याने भरायचा असेल, तर ती शुद्धता विल्यम्सना अभिप्रेत असलेले चारित्र्य राहत नाही, एक प्रकारची सोवळ्याची व्यवस्था होते. पण हे म्हणताना हेही मान्य करावे लागते, की एकदा किमतीचा स्तंभ वाचायला शिकलेल्या डोळ्याला तो इतर पानांवरही दिसू लागतो.

येथे ब्रेंडा रोमेरो यांच्या 'ट्रेन' या २००९ च्या पटावरील खेळाची तुलना उपयुक्त आहे. खेळाडू पिवळ्या सोंगट्या मालडब्यांत भरतात, गाडी पुढे नेण्याची चढाओढ करतात, आणि शेवटी गंतव्यस्थानाचे पान उलटल्यावर तेथे आउशवित्झ हे नाव निघते. 'ट्रेन'चा सारा परिणाम अज्ञानावर उभा आहे : कळले असते तर खेळलो नसतो, असे म्हणण्याची सोय खेळाडूला राहते. 'स्टेलारिस' ही सोय देत नाही. तेथे पान आधीच उलटलेले असते, आणि कर्ता कळून खेळतो. त्या अर्थाने तो अधिक प्रामाणिक खेळ आहे, असे माझे मत आहे. अर्थात प्रामाणिकपणा आणि खोली या दोन गोष्टी वेगळ्या.

त्याची उणीव निराळीकडे आहे. निषिद्ध आणि महाग या दोन स्थानांपलीकडचे तिसरे स्थान, म्हणजे कृत्य खुले असून, परवडत असून, लाभाचे असूनही न करणे, या संहितेत नोंदलेच जात नाही. अधिकारशाही साम्राज्य चालवणारा खेळाडू दोनशे वर्षे गुलामगिरीच्या पर्यायाला स्पर्श न करता राज्य करू शकतो, आणि अनेक जण तसे करतात. पण त्या संयमाचा हिशेबात काहीही ठसा उमटत नाही. ज्याला तो पर्याय सुचलाच नाही आणि ज्याने तो रात्रभर विचार करून नाकारला, त्या दोघांची पटावरील अवस्था अक्षरशः एक असते. कादंबरीकार हा फरक एका परिच्छेदात दाखवील. खेळाच्या भाषेत त्यासाठी चिन्हच नाही. पिएर माशरे यांनी संहितेचे मौन वाचायला शिकवले, परंतु ते मौन संहितेचे होते. येथे मौन खेळाडूचे आहे, आणि ते वाचणारा संहितेत कोणी नाही. २०१८ नंतरच्या रचनेत लोकांच्या समाधानाची सरासरी त्यांच्या राजकीय वजनानुसार काढली जाते आणि गुलामांचे वजन इतरांहून कमी धरले जाते. म्हणजे त्यांचे दुःख निदान अंशतः तरी मोजले जाते. जे गुलाम केलेच गेले नाहीत, त्यांच्यासाठी तेवढाही स्तंभ नाही.