भिंतीवरील कोळी व कोमोडोची घोरपड

नीतिसूत्रांच्या 30 व्या अध्यायात चार लहान पण शहाण्या जीवांत राजवाड्यात वावरणारा एक जीव सांगितला आहे. 1611 च्या इंग्रजी भाषांतरात तो कोळी आहे, 1885 च्या सुधारलेल्या भाषांतरात पाल. हा वाद आम्ही पंडितांवर सोडतो; परंतु त्यावरून कोळी व पालीचा थोरला भाऊबंद यांस शेजारी ठेवून पाहावे असे आम्हांस वाटले.

इंडोनेशियातील कोमोडो, रिंका, फ्लोरेस इत्यादी बेटांवर एक घोरपड असते. आपल्या रानातली घोरपड तिजपुढे पोर! लांबी 10 फुटांपर्यंत. हरिणास लोळविण्याचे बळ. जबड्यात विषाच्या ग्रंथी, असे शास्त्रज्ञांनी 2009 साली दाखविले.

आता आपल्या भिंतीवर उन्हात बसणारा, नखाएवढा, उड्या मारणारा कोळी पाहा. शिकारीसाठी तो जाळे पसरीत नाही. त्यास आठ डोळे. पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांनी तो माशीस न्याहाळतो, मांजराप्रमाणे दबत जातो आणि मागल्या पायांत अंगातील रक्ताचा दाब आणून झेप घेतो. मात्र झेपेपूर्वी पायांखालच्या जागेस रेशमाचा एक धागा चिकटवितो. झेप चुकली तरी तो धाग्यास लोंबकळतो व परत वर चढतो. आम्ही मात्र कर्ज काढून लग्ने करितो, भावावर फिर्याद लावितो, आणि प्रार्थना आठवते ती पडल्यावर!

त्या घोरपडीविषयी आणखी एक गोष्ट आहे. तिची पिले अंड्यांतून निघताच झाडावर चढतात व तेथेच काही वर्षे काढितात. कारण स्वजातीचीच थोर जनावरे त्यांस खातात. जड देहामुळे थोरांस वर चढवत नाही, म्हणूनच पिले वाचतात.

हे वाचून आम्ही लज्जित झालो. गतवर्षी आमच्या मंडळीत नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या एका तरुणाने पंचांच्या सभेत वर्गणीचा हिशेब विचारला. वडीलधाऱ्यांनी त्यास दटावून खाली बसविले. अध्यक्षस्थानी आम्ही होतो. आम्ही एक शब्द बोललो नाही. तेव्हापासून तो उपासनेस येतो, परंतु बाहेर लिंबाखाली बसून ऐकतो. धागा अद्याप तुटलेला नाही. येत्या रविवारी घंटेपूर्वी आम्ही हिशेबाची वही घेऊन त्या लिंबाखाली जाणार आहो. पंचांनीही आम्हांबरोबर यावे, ही त्यांस नम्र विनंती.