मधलं खरवडलंस?

ये इकडे. ‘बुरशी आढळली नाही’ हा रिपोर्ट तुझ्याच हातचा ना? पिंपळगाव रेणुकाईकडची बाई मिरची तोडणीचा रोज बुडवून भोकरदनला आली, कमरेभर नायटा घेऊन, आणि तू तिला दोन मिनिटांत वाटेला लावलीस. पाट्या टाकायला बसवलंय का तुला इथे?

कुठलं खरवडलंस? मधलं! अरे, नायटा मधून निवत जातो आणि कडेनं सरकतो. बुरशी सापडते ती त्या उचललेल्या, खवलेदार कडेवर. वर तिनं लावलेलं मलम स्पिरिटनं पुसलंसुद्धा नाहीस. मग स्लाइडवर तेलाचे थेंबच दिसणार.

10 टक्के केओएचचं द्रावण टाकलंस की लगेच डोळा लावलास. केराटिन विरघळायला 10-15 मिनिटं नकोत? घाई असेल तर स्लाइड ज्योतीवरून जराशी फिरव, पण उकळवू नकोस. उकळली की स्फटिक धरतात. आणि मायक्रोस्कोपचा कंडेन्सर खाली घे, उजेड कमी कर, हे किती वेळा सांगायचं? भगभगीत उजेडात बिनरंगी धागा दिसेल कसा?

आता ही परवाची स्लाइड बघ. इथे मात्र ‘बुरशी आहे’! हा कापसाचा तंतू आहे, शहाण्या. चपटा, पीळ पडलेला, आत एक पडदा नाही. बुरशीचा धागा सारख्या जाडीचा, आडव्या पडद्यांचा, फाटे फुटलेला. पेशींच्या सीमा ओलांडून जातो. कापसाच्या मुलखात वाढलास आणि कापूस ओळखू येईना? वर ‘ट्रायकोफायटन’ असं नावही ठोकून दिलंस. केओएचवर बुरशी आहे की नाही एवढंच कळतं. जात ठरवायला कल्चर लावावं लागतं, त्याला आठवडे जातात.

तुझ्या एका ‘नाही’नं काय होतं ठाऊक आहे? बुरशीचं औषध थांबतं, बाई मेडिकलवरून स्टिरॉइडचं मलम आणते. खाज दबते, लाली उतरते, कड पुसट होते, आणि नायटा गुपचूप पसरत राहतो. त्यात आपल्याकडे ट्रायकोफायटन इंडोटिनी माजलाय. 2020 साली त्याला हे नाव मिळालं. टर्बिनाफिन या बुरशीच्या औषधाला तो पुष्कळदा दाद देत नाही.

त्या बाईला आत्ता फोन लाव. येण्याजाण्याचं भाडं तुझ्या खिशातून. नमुना कडेचा, माझ्यासमोर घ्यायचा. आणि दुसरी स्लाइड केल्याशिवाय ‘नाही’ लिहायचं नाही.